सातव्या बैठकीची नोंद

लुबाबाच्या पुढ्यात वाचताना शब्द गाळायचा नाही, हे दमास्कसच्या सालिहिय्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिची नजर जाऊन बारा वर्षं झाली होती, पण कान असे तिखट की वाचणाऱ्याने एखादं 'आणि' गिळलं तरी तिचं बोट वर व्हायचं. ती रागवायची नाही. "मागे जा," एवढंच म्हणायची. ज्यांना बघून काझी उठून उभे राहायचे, असे मोठमोठे पंडित या दोन शब्दांना टरकून असत.

सत्त्याऐंशी वर्षांची बाई. पाठीला बाक, तोंडात मोजून चार दात. कासियून डोंगराच्या उतारावर, यझीद कालव्याच्या काठी दोन खोल्या आणि अंगणात एक अंजिराचं झाड, एवढा तिचा पसारा. तरी कैरोहून, बगदादहून, पार मगरिबच्या टोकाहून माणसं तिचं घर विचारत यायची. तिच्या विद्वत्तेसाठी यायची असं कोणी म्हटलं असतं तर तीच पहिली हसली असती. तिच्याहून विद्वान माणसं दमास्कसच्या गल्लोगल्ली होती, आणि त्यातली निम्मी स्वतःच तसं सांगत फिरायची. माणसं यायची ती वेगळ्याच कारणाने. सहा वर्षांची असताना बापाच्या मांडीवर बसून तिने एक ग्रंथ ऐकला होता.

ग्रंथ प्रेषितांच्या वचनांचा, अकरा भागांचा. तो ऐकवणारे शेख बद्रान तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचे होते, आणि त्यांनीही तो लहानपणी अशाच एका म्हाताऱ्याकडून ऐकला होता. या लोकांच्या लेखी नुसतं कागदावरचं वचन अर्धमुर्धं. ते कोणाच्या तोंडून ऐकलं, त्याने कोणाच्या तोंडून ऐकलं, ही साखळी थेट पहिल्या ऐकणाऱ्यापर्यंत पोचायला हवी. साखळी जितकी आखूड, तितकं ते वचन जवळचं. म्हणून शहाणे बाप पोरांचं बोट धरून त्यांना थकलेल्या म्हाताऱ्यांसमोर नेऊन बसवायचे. म्हातारा आज ना उद्या जाणार, पोर जगलं तर ऐंशी वर्षं जगणार, आणि मधले दोन दुवे वाचणार. शेख बद्रान यांच्या त्या बैठकांना एकाहत्तर जण होते. सत्तर जणांना मातीने नेलं. उरली एकटी लुबाबा.

अशा बैठकांना एक नोंदकरी असे. कोण उशिरा आलं, कोण शेजाऱ्याशी कुजबुजत होतं, कोणाला डुलकी लागली, सगळं तो लिहून ठेवी. वाचन संपलं की ती यादी ग्रंथाच्या शेवटी चढे, आणि मग तिच्यावर कोणाची सत्ता चालत नसे, सुलतानाचीही नाही. शेख बद्रान यांच्या बैठकांचा नोंदकरी लुबाबाचा बापच होता, मुसल्लम. पण ती मूळ प्रत लुबाबा बारा वर्षांची असताना गेली. तातारांनी सालिहिय्या लुटली तेव्हा मुसल्लमला मदरशाच्या दारात मारलं आणि पुस्तकं उंटांवर लादून नेली. मागे राहिलेल्या साक्षीदारांनी पुढे सांगितलं, "हो, ही पोर अकराही दिवस बापाच्या मांडीवर होती." तेवढ्या शब्दावर लुबाबा साठ वर्षं तो ग्रंथ ऐकवत आली, आणि ऐकणाऱ्यांना दिलेल्या प्रत्येक सनदेवर लिहवून घेत आली, 'संपूर्ण ऐकला'.

जर्दाळू पिकायच्या दिवसांत मोसुलहून शेख जुहैर आला. तिथल्या मोठ्या मशिदीत तो वेळ पाहायच्या कामावर होता. पितळी यंत्रातून सूर्याची उंची घ्यायची, सावल्या मोजायच्या आणि बांग कधी द्यायची ते सांगायचं. साठीचा माणूस, वाटेने पायांची सालटी निघालेली. त्याने सलाम केला, पाणीही न घेता काखेतलं गाठोडं सोडलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"सित्ती, ओळखा बघू." 'सित्ती' म्हणजे बाईसाहेब, तिला सगळे असंच म्हणत.

लुबाबाने हात फिरवला. जुना कागद, कडा झिजलेल्या. बोटं शिवणीवर गेली आणि तिथेच थांबली. दोऱ्याच्या टोकाला तीन गाठी होत्या. मुसल्लम कुठलीही वही शिवताना शेवटी तीन गाठी मारायचा, दोन सुटल्या तरी एक राहील म्हणून. पंचाहत्तर वर्षांनी तिन्ही जागेवर होत्या.

"कुठे मिळालं?" तिने विचारलं.

"तब्रिझला. एक रद्दीवाला पुठ्ठे करायला पानं भिजत घालणार होता. मी ओरडलोच. तो म्हणाला, वेडा आहेस का, ही वाळवीची पोरं आहेत. म्हटलं, असू दे, मला वाळवीच पाळायची आहे." जुहैर हसला, मग खजील होऊन म्हणाला, "फुरात नदी ओलांडताना मात्र पावसाने गाठलं. सहाव्या भागाचं शेवटचं पान आणि सातव्याचं वरचं पान एकमेकांना चिकटलीयत. मजकूर शाबूत आहे, वरचं पान कोरंच असतं. मी ओढायला गेलो नाही."

"बरं केलंत. ओढलं की शाई उखडते."

हसना जर्दाळूंचं ताट घेऊन आली. ही लुबाबाच्या भावाची नात, चाळिशीची, विधवा. बारा वर्षं तीच लुबाबाचे डोळे होती. पुस्तक बघून तिने ताट तसंच जमिनीवर ठेवलं.

"सित्ती," जुहैर म्हणाला, "सातव्या बैठकीत शेख बद्रान रडले, ते आमच्या मोसुललाही लोक सांगतात. एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय."

हे लुबाबाला किती जणांनी विचारलं असेल! सातवा भाग अनाथ लेकरांविषयीचा. ती प्रत्येक वेळी तितक्याच मायेने सांगायची आणि आताही तिने सांगितलं. शेखांची पांढरी दाढी कशी थरथरत होती, त्यांनी हात वर करून वाचणाऱ्याला कसं थांबवलं आणि म्हणाले, "जरा श्वास घेऊ द्या मला." हा भाग तिला तोंडपाठ होता. ती नऊ-दहा वर्षांची असताना बापाने तेवढाच भाग तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला होता, याच अंजिराखाली. बाकीच्या दहा भागांना हात लावला नाही. तेवढाच का, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

"आता यादी वाच, हसना," ती म्हणाली. "माझं नाव ऐकू दे मला. बापाने लिहिलेलं."

हसनाने शेवटची पानं उघडली. नावांमागून नावं आली. सुतार, काझीचा भाऊ, दोन बहिणी, एक मुक्त केलेला गुलाम. प्रत्येकाच्या नावामागे वय, आणि काही चुकलं असेल तर ते. सुतार दुसऱ्या बैठकीला उशिरा आला. काझीचा भाऊ चौथ्या बैठकीत बोलत होता. लुबाबा मान डोलावत होती. मेलेली सगळी गल्ली अंगणात येऊन बसली होती.

"नोंदकऱ्याची मुलगी लुबाबा, वय सहा, बापाच्या मांडीवर." हसना किंचित थांबली. "आणि अबू नस्र पिंजारी, वय..."

लुबाबाचं बोट वर झालं.

"मागे जा."

"सित्ती, तुमचं नाव झालं की."

"नाव झालं. पण तू श्वास घेतलास आणि मग पिंजाऱ्याकडे गेलीस. मधे काय आहे?"

हसनाने जुहैरकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग तिने एकेक शब्द सुटा सुटा करून वाचला, "ती सातव्या बैठकीत पहिल्या वचनापासून शेवटच्यापर्यंत झोपली होती. हे तिच्या बापाने, मुसल्लम बिन अय्याशने, स्वतः पाहून लिहिलं."

लुबाबाच्या डोळ्यांपुढे ती पांढरी दाढी अजून थरथरत होती, अगदी स्पष्ट. मग हळूहळू तिला दाढीच्या मागची वाट दिसायला लागली. मशिदीहून घरी येतानाची चढाची वाट, बापाच्या खांद्याचा लोकरी वास, आणि कानाशी त्याचा आवाज. आज शेख रडले गं लुबाबा, दाढी अशी थरथरत होती. ते तिने पाहिलं नव्हतं. तिला सांगितलं होतं. साठ वर्षं ती लोकांना बापाचे डोळे आपले म्हणून दाखवत आली होती. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त दुःख झालं, कारण बालपणातली तिची सगळ्यात आवडती गोष्ट या एका ओळीने तिच्याकडून काढून घेतली होती.

"तुम्ही वाचलं होतंत हे," ती जुहैरला म्हणाली.

"वाटेत हलब शहरात पोचलो तेव्हा वाचलं." त्याने लपवलं नाही. "तिथे दोन दिवस बसून राहिलो. चाकूच्या टोकाने खरवडलं असतं तर डागही राहिला नसता. नाही खरवडलं. पण तुम्हाला सांगायचं असंही ठरवलं नव्हतं. मला संपूर्ण ग्रंथ हवा होता, सित्ती. तुमच्यानंतर इतकी आखूड साखळी जगात कोणाकडे नाही."

"तुमच्या यंत्रात चूक सापडली तर काय करता?"

"दुरुस्त करतो आणि लोकांना सांगतो." मग तो थोडा घुटमळला. "एकदा नाही सांगितलं. आठ महिने दुपारच्या नमाजाची वेळ केसभर चुकत होती. गुपचूप सुधारली. पण आमची विद्या बरी हो, सूर्य दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवतो, पुन्हा मोजता येतं. तुमच्या विद्येत मेलेला माणूस पुन्हा बोलत नाही."

संध्याकाळच्या आत कुतैबा धावत आला. सत्तरीचा हा गृहस्थ आता इथल्या बैठकांचा नोंदकरी होता, आणि विशीत असताना त्याने लुबाबाकडूनच ग्रंथ ऐकला होता. हसनाने त्याला सगळं सांगितलं असणार.

"सित्ती, सहा वर्षांचं पोर झोपणार नाही तर काय करणार?" तो बसायच्या आधीच सुरू झाला. "तुम्ही काय वाळूचं घड्याळ होतात, उलटं केलं की चालू?"

"पण मी सांगत आले ना, की जागी होते."

"अहो, मीही सांगत आलो! चाळीस वर्षं! माझे विद्यार्थी कैरोत म्हातारे झाले. दोनशेवर सनदा आहेत बाहेर. आता काय प्रत्येकाच्या दाराशी जाऊन सांगू, की बाबा रे, आमची म्हातारी झोपली होती?"

"तू नोंदकरी आहेस. एखादा झोपला तर तू लिहितोस का नाही?"

"लिहितो." कुतैबाचा आवाज खाली आला. "गेल्या वर्षी मुफ्तीच्या जावयाचं लिहिलं. अजून माझ्या सलामाला उत्तर देत नाही तो."

"माझ्या बापाने पोटच्या पोरीचं लिहिलं," लुबाबा म्हणाली. "जा आता. उद्यापासून वाचन सुरू. सातव्या दिवशी बघू."

कुतैबा गेला तो निम्मा निर्धास्त होऊन. सातव्या दिवशी बघू म्हणजे गप्प बसणार, असा त्याने आपल्या सोयीने अर्थ लावला.

दुसऱ्या दिवसापासून अंगण भरू लागलं. तीस-पस्तीस माणसं, मूळ प्रत परत आल्याची बातमी ऐकून शहरातूनही लोक चढ चढून आले. रोज सकाळी एक भाग. हसना वाची, लुबाबा ऐके, लोक आपापल्या प्रती त्यावरून तपासून घेत. चुकलं की बोट वर होई. पण तिच्यात काहीतरी बदललं होतं. एरवी मधेमधे थट्टा करणारी बाई आता वाचन संपलं की उठून भिंतीकडे तोंड करून पडे. हसनाने आणलेली मसुराची आमटी तशीच निवून जाई. बापाचा तिला रागही येत होता. लिहिलंस ते बरोबर केलंस, ती मनात म्हणे, पण मला का नाही सांगितलंस? सहा वर्षं होतास ना त्यानंतर?

पाचव्या दिवशी हसनाला राहवलं नाही. ती पाय चेपत असताना म्हणाली, "सित्ती, तुम्हीच तर सांगता, वडिलांनी सातवा भाग तुमच्याकडून वाचून घेतला होता. मग शेखांकडून नाही तर वडिलांकडून सांगा ना. साखळीत वडिलांचं नाव घाला. ज्याने ऐकलं त्याला वाचून दाखवणंही ऐकल्यातच धरतात. एक दुवा वाढेल, पण ऐकलेलं तर ऐकलेलं राहील."

लुबाबा उठून बसली. हे तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पाच दिवस दुसरं काही आलंच नव्हतं. मुसल्लमने आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिली, आणि कुठल्याच साखळीत त्याचं नाव नव्हतं, कारण कोणाला काही शिकवायचं वय होण्याआधीच तो मदरशाच्या दारात पडला.

"त्याला पुरावा काय?" ती म्हणाली.

"तुमची आठवण."

"शेखांचं रडणंही मला आठवतच होतं, पोरी. शपथेवर सांगितलं असतं मी. ज्या डोक्याने मला साठ वर्षं फसवलं, त्याला साक्षीला कसं उभं करू? बाप हवाहवासा वाटतो म्हणून त्याला साखळीत घुसवू?" तिने मान हलवली. "तो असता तर त्यानेच खोडलं असतं."

हसना पुन्हा पाय चेपू लागली.

सातव्या सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. रडणाऱ्या शेखांची गोष्ट ऐकायला म्हणून आलेलेच जास्त. कुतैबा लेखणी घेऊन पुढे बसला होता, जुहैर त्याच्या शेजारी. लुबाबा झाडाच्या बुंध्याला टेकली होती. तिने हात वर केला.

"वाचायच्या आधी ऐका. मी हा भाग शेख बद्रान यांच्याकडून ऐकलेला नाही. मी झोपले होते. माझ्या वडिलांनी तसं लिहून ठेवलंय आणि ते खरं आहे. शेख रडले ते मी पाहिलं नाही. मी जे तुम्हाला सांगत आले ते मला कोणीतरी सांगितलेलं होतं. जाणूनबुजून खोटं बोलले नाही, पण बोलले ते खोटंच. ज्यांच्याजवळ माझी सनद आहे त्यांनी 'संपूर्ण' हा शब्द खोडून 'सातवा भाग सोडून' असं लिहायचं. कुतैबा कैरोला, हलबला, बगदादला पत्रं लिहील."

अंगणात एकच गलका झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "मग इतकी वर्षं आम्ही काय ऐकलं?" एक म्हातारा रडायला लागला. एकाने आपली प्रत मिटली आणि तडक दाराबाहेर पडला. लुबाबाला त्याच्या चपलांचा आवाज लांबपर्यंत ऐकू आला, आणि तो कोण हेही तिला चालीवरून कळलं. तीस वर्षांचा विद्यार्थी होता तो.

कुतैबाने घसा साफ केला. त्याचा चेहरा उतरला होता, पण नोंदकऱ्याचा धर्म त्याला सुटला नव्हता. "यादीच्या खाली शेख बद्रान यांचं वाक्य आहे. ज्याचं जे ऐकायचं राहिलं, ते पुढे सांगायची परवानगी त्यांनी हजर असलेल्या सगळ्यांना दिली होती. तेव्हा सित्ती हा भाग 'परवानगीने' सांगू शकतात. 'ऐकून' नाही, पण सांगू शकतात."

"ते चालेल," जुहैर घाईने म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. "दर्जा उतरला, पण साखळी तेवढीच आखूड राहिली. तुम्ही, आणि तुमच्या वर थेट बद्रान."

"तसंच लिही," लुबाबा म्हणाली. "हसना, वाच."

हसनाने प्रत उचलली. चिकटलेल्या पानांखाली तिने आदल्या दिवसापासून ओलसर फडकं घालून ठेवलं होतं. आता तिने कडेने हाडाची पातळ पट्टी सरकवली. पान हलक्या आवाजात सुटलं. तिने ते उलटलं, वाचायला तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही.

सगळं अंगण लुबाबाच्या बोटाकडे बघत होतं.

"का थांबलीस?"

"सित्ती, हे पान कोरं नाही."

"काय आहे?"

"अक्षर यादीतलंच आहे." हसनाने एकही शब्द गाळला नाही. "हा सातवा भाग माझ्या मुलीने, लुबाबाने, मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. ही चौथी वेळ. तिचं वय दहा. जागा, आमच्या अंगणातलं अंजिराचं झाड. वाचणारी जागी होती आणि ऐकणाराही. मी हा भाग शेख बद्रान यांच्याकडून ऐकला, आणि तो माझ्याकडून सांगायची तिला परवानगी आहे. झोपल्याचं तिला अजून सांगितलेलं नाही, ती रडेल. मोठी झाली की सांगेन. मुसल्लम बिन अय्याश."

लुबाबाने हात पुढे केला. हसनाने तिची बोटं धरून त्या ओळींवर ठेवली. शाई हाताला लागत नाही, तरी ती बोट फिरवत राहिली, उजवीकडून डावीकडे, एकेक ओळ. मग ती रडली. लोकांसमोर, मोठ्याने, लहान पोरीसारखी रडली, आणि कोणी तिला थांबवलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने ओढणीने तोंड पुसलं. "कुतैबा, लिहिलेलं खोड."

"काय खोडू?"

"परवानगीने सांगितला, ते. लिही, वडिलांना वाचून दाखवला, आणि त्यांनी शेख बद्रान यांच्याकडून ऐकला."

जुहैर पुढे सरकला. "सित्ती, थांबा. रागावू नका, पण विचार करा. दोन्ही रस्ते खरे आहेत, दोन्ही लेखी आहेत. परवानगीने सांगितलंत तर तुमच्यावर थेट बद्रान. वडिलांचं नाव आलं की एक दुवा वाढला. मी इतके मुक्काम पायी आलो ते त्या एका दुव्यासाठी हो! माझ्यामागे शंभर वर्षं लोक तो एक दुवा मोजतील."

"मोजू देत," लुबाबा म्हणाली. "तो दुवा माझा बाप आहे."

जुहैरने आपल्या प्रतीतली ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात मुसल्लमचं नाव घातलं. अंगणातल्या पस्तीस लेखण्या त्याच्यामागून हलल्या.

लुबाबाने सुरुवात केली, नेहमी करायची तशी, फक्त एका नावाने लांब. "माझे वडील मुसल्लम बिन अय्याश यांनी मला सांगितलं, मी त्यांना वाचून दाखवत असताना. ते म्हणाले, आम्हाला शेख बद्रान यांनी सांगितलं." ती जरा थांबली. "आणि या भागाला शेख रडले होते. मी ते पाहिलं नाही. माझ्या वडिलांनी पाहिलं."

मग हसना वाचू लागली. लुबाबा बुंध्याची टेकण सोडून पुढे सरकून बसली. दुपार चढली, उन्हाने अंगण तापलं, मागच्या रांगेतल्या दोघांना डुलक्या लागल्या आणि कुतैबाने त्यांची नावं लिहिली. त्यांच्या खाली त्याने कोणी न सांगता आणखी एक ओळ घातली, 'ऐकवणारी, मुसल्लमची मुलगी लुबाबा, वय सत्त्याऐंशी, सातव्या बैठकीत पहिल्या वचनापासून शेवटच्यापर्यंत जागी होती.'